हुकूम शेवटच्या शब्दात असतो: ग्रुप फिटनेस क्लासमध्ये तोंडी सूचना कशा द्यायच्या

मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं. क्लास घेणाऱ्याला ही गोष्ट फार उपयोगाची आहे आणि तितकीच अडचणीचीही. ‘उजवा पाय पुढे टाका’ म्हटलं की ऐकणाऱ्याला आधी कोणता पाय ते कळतं, मग दिशा, आणि अगदी शेवटी ‘टाका’ येतं. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर आहे, त्यामुळे ‘दाहिनेऽऽ... मुड’ हा हुकूम इथल्या बऱ्याच जणांच्या कानावरून गेलेला असतो. त्यातला ‘दाहिने’ लांबवलेला असतो, कारण तो इशारा आहे. मग क्षणभर शांतता, आणि ‘मुड’वर सगळी रांग एकदम फिरते. मराठी वाक्याची घडण नेमकी अशीच आहे. इंग्रजी व्हिडिओ बघून क्लास घ्यायला शिकलेली माणसं ती मोडतात. ‘टाका, उजवा पाय, पुढे!’ असं म्हणतात, आणि मग अर्धा क्लास डावा पाय टाकतो.

ठोक्यांचा हिशेब

ग्रुप क्लाससाठी तयार केलेल्या संगीताचे सहसा ३२ ठोक्यांचे तुकडे असतात, म्हणजे आठाचे चार. मिनिटाला १२८ ठोक्यांची चाल असेल तर एक ठोका साधारण ०.४७ सेकंदाचा, आठ ठोके पावणेचार सेकंदांचे आणि ३२ ठोके १५ सेकंदांचे होतात. चाल १२० वर आणली तर ठोका बरोबर अर्ध्या सेकंदाचा होतो. नवीन माणसाने १२० नेच सुरुवात करावी, बोलायला उसंत मिळते. चित्रपटातली गाणी थेट वाजवणार असाल तर ती आधी मोजून घ्या. मधेच चार ठोके जास्त येतात, किंवा संगीत थांबून नुसता आलाप सुरू होतो, आणि तुमचा ‘एक’ भलतीकडेच पडतो.

सूचना संपायला हवी ती आठव्या ठोक्यावर, म्हणजे पुढच्या ‘एक’ला हालचाल सुरू होते. चार शब्दांची सूचना पाच, सहा, सात, आठ या ठोक्यांवर बसवा: ‘उजवा – पाय – पुढे – टाका’. ‘टाका’ आठवर, पाऊल एकवर. हालचाल क्लासच्या ओळखीची असेल तर शेवटचे चार ठोके पुरतात. पहिल्यांदाच करायची असेल तर आधीचे पूर्ण आठ ठोके घ्या: पहिल्या चारात नाव, दुसऱ्या चारात हुकूम. दोन सेकंदांत नवीन हालचाल समजून घेऊन ती करणं पंचावन्न वर्षांच्या काकूंना जमत नाही. पंचविशीतल्या पोरालाही जमत नाही, तो फक्त शेजारच्याकडे बघून वेळ मारून नेतो.

शब्दांची लांबीही बघावी लागते. ‘चार, तीन, दोन, उजवीकडे’ असं उलटं मोजताना शेवटच्या एका ठोक्यात ‘उजवीकडे’ हा चार अक्षरांचा उच्चार मावत नाही, तो पुढच्या ठोक्यावर सांडतो. ‘उजवा’ मावतो. तीच गत आपल्या इकडच्या ‘की’ची. ‘बसा की’, ‘टाका की’ हे बोलण्यात गोड वाटतं, पण तो ‘की’ बरोबर एकच्या ठोक्यावर जाऊन बसतो आणि क्लास दोनवर सुरू होतो. क्लासआधी आणि नंतर गप्पांत ‘की’ हवा तितका वापरा, ठोक्यात नको.

मोजायचं कसं यावरही थोडं. एक ते आठ सरळ मोजलं की कुठे आहोत ते कळतं, उलटं मोजलं की किती उरलं ते कळतं. सगळं मोजत बसू नका, शेवटचे चार उलटे मोजले की पुष्कळ झालं. आणि ‘शेवटचे दोन’ म्हणालात तर दोनच. ‘शेवटचे दोन’ म्हणून सहा करून घेणारा प्रशिक्षक दोन आठवड्यांत स्वतःच्या आकड्यांची किंमत घालवतो. त्यानंतर लोक त्याच्या प्रत्येक ‘शेवटच्या’साठी ताकद राखून ठेवायला लागतात.

‘नका’ची भानगड

क्रियापद शेवटी येतं तसा मराठी नकारही शेवटी येतो. ‘गुडघा – आत – घेऊ – नका’. ‘नका’ आठव्या ठोक्यावर पोहोचेपर्यंत कानाला ‘गुडघा आत घेऊ’ एवढंच मिळालेलं असतं, आणि दमलेलं शरीर तेवढ्यावर कामाला लागतं. इंग्रजीत निदान ‘डोन्ट’ पहिल्यांदा येतं. मराठी आणि कन्नड या दोन्हींत ते सगळ्यात मागे उभं असतं. म्हणून जे करू नये ते न सांगता जे करायचं ते सांगा:

‘गुडघे आत नेऊ नका’ ऐवजी ‘गुडघे बाहेर ढकला’.
‘खांदे वर उचलू नका’ ऐवजी ‘खांदे कानापासून लांब’.
‘मान वर करू नका’ ऐवजी ‘नजर चटईच्या पुढच्या कडेवर’.
‘पाठ वाकवू नका’ ऐवजी ‘टी-शर्टवरचा छाप समोरच्याला दिसू दे’.
‘श्वास रोखू नका’ ऐवजी स्वतः मोठ्याने ‘हुश्श’ करा. ऐकून लोकांचा श्वास आपोआप सुटतो.

यादी तोंडपाठ करण्यापेक्षा घरी बसून तुमच्या तोंडात रोज येणारे ‘नका’ कागदावर उतरवा आणि प्रत्येकाचा होकारी शब्द शोधा. काहींना तो सापडत नाही. अशा वेळी चूक नेमकी कशी दुरुस्त करायची हे आपल्यालाच ठाऊक नसतं, आणि आधी ते शिकावं लागतं.

पाय म्हणजे नेमका कुठला?

मराठीत ‘पाय’ म्हणजे मांडीच्या सांध्यापासून अंगठ्यापर्यंत सगळंच. ‘पाय उचला’ म्हटल्यावर कुणी टाच उचलतो, कुणी गुडघा, कुणी सगळा पाय ताठ ठेवून वर नेतो, आणि तिघंही आपापल्या जागी बरोबर असतात. म्हणून भाग नेमका सांगा: टाच, पाऊल, पोटरी, गुडघा, मांडी. ‘हात’चंही तसंच: तळवा, मनगट, कोपर, दंड.

‘सरळ’ हा शब्द तर क्लासमधून हद्दपारच करावा. ‘हात सरळ’ म्हणजे कोपर न वाकवता, की समोर, की वर? ‘कोपर ताठ, हात समोर, खांद्याच्या उंचीला’ असं तीन तुकड्यांत सांगा.

सगळ्यात महाग पडतो तो ‘कंबर’. पट्टा बांधतो तीही कंबर, आणि ‘कंबर धरली’ म्हणतो तेव्हा मणक्याचा खालचा भागही कंबरच. डेडलिफ्ट (जमिनीवरचं वजन उचलून उभं राहणं) किंवा पुढे वाकण्याच्या व्यायामात ‘कंबरेतून वाका’ म्हटलं की लोक मणका गोल करतात, कारण त्यांच्या लेखी कंबर तिथंच आहे. खानापूर आणि बेळगाव तालुक्यात भाताची रोपं लावायला वाकणं अनेकींच्या अंगवळणी पडलेलं आहे. गुडघे जवळजवळ ताठ आणि पाठ गोल असं ते वाकणं. व्यायामातलं वाकणं वेगळं आहे हे संगीत सुरू होण्याआधी एकदा दाखवून ठेवावं. रीत अशी: दोन्ही हातांच्या बोटांच्या कडा जांघेच्या घडीत ठेवायला सांगा, गुडघे जरासे सैल. मग ‘मागचं दार खुब्यानं लावा’ म्हणा. बोटं घडीत चिमटली तर सांधा बरोबर वापरला. बोटं मोकळीच राहिली तर पाठ वाकली. एवढं झालं की पुढे क्लासभर ‘घडी’ हा एकच शब्द पुरतो.

‘सोडा’ या शब्दापासूनही जपून. ‘श्वास सोडा’, ‘हात सोडा’, ‘ताण सोडा’ हे सगळं आपण म्हणतो. लोकांच्या हातात डंबेल असताना नुसतं ‘सोडा’ म्हटलं की एखादं पायावर पडणार. वजनाला ‘ठेवा’, श्वासाला ‘हुश्श’. ‘थांबा’ हा शब्द राखीव ठेवा. प्लँकमध्ये (हात आणि पायांच्या बोटांवर अंग ताठ धरणं) टिकून राहायला ‘धरा’ म्हणा. ‘थांबा’ म्हणजे खरंच काहीतरी बिघडलंय, सगळ्यांनी जागेवर चालत राहायचं, हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवा. छातीत दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, पाय मुरगळणं यांपैकी काहीही झालं की तोच शब्द. एरवी तो ‘धरा’च्या अर्थी वापरत राहिलात तर खऱ्या वेळी लोक प्लँकमध्येच राहतील.

दोन भाषांचा क्लास

निपाणीकडे क्लास मराठीतच चालतो. बेळगाव शहरात, टिळकवाडी-शहापूरपासून कॅम्पापर्यंत, एका रांगेत मराठी, कन्नड, कोकणी आणि उर्दू बोलणारी माणसं उभी असतात. प्रत्येक वाक्य दोनदा सांगायला ठोके नसतात, आणि त्याची गरजही नाही. कन्नड वाक्याचा क्रम आपल्यासारखाच आहे: ‘कालु मुंदे इडि’, पाय पुढे ठेवा. शब्दाला शब्द. म्हणून सूचना मराठीत देऊन फक्त किल्लीचा एक शब्द कन्नडमध्ये जोडला तरी चालतं. दहा-बारा शब्द पुरतात: कै (हात), कालु (पाय), मुंदे (पुढे), हिंदे (मागे), मेले (वर), केळगे (खाली), बल (उजवा), एड (डावा), निधान (हळू), साकु (पुरे), उसिरु (श्वास). आदरार्थी शेवट पुस्तकी ‘एत्तिरि’पेक्षा (उचला) इकडच्या बोलीतला ‘एत्री’ जास्त जवळचा वाटतो.

आता ‘कै मेले’ ऐकून मराठी रांगेत हसू फुटणार, आणि ‘एड’ला तर फुटणारच. पहिल्या दिवशी फुटू द्या. हसून झालं की शब्द पक्का बसतो.

मोजायला मात्र मराठीच सोपी. एक ते आठमध्ये ‘सहा’ सोडला तर प्रत्येक आकडा एका झटक्यात संपतो. ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु यांना निदान दोन-दोन झटके लागतात. वेगवान चालीवर ते ठोक्यामागे पडतात, पण संथ स्ट्रेचिंगला किंवा चार ठोक्यांच्या बैठकीला उलट छान बसतात. म्हणून जोराचा भाग मराठीत मोजा, शेवटचा थंडावा कन्नडमध्ये. कुणालाही परकं वाटत नाही.

एक नवी हालचाल, सुरुवातीपासून शेवटापर्यंत

स्क्वॉट, म्हणजे बैठक, घेऊ. चाल १२०, दोन ठोके खाली, दोन ठोके वर. एक स्क्वॉट चार ठोक्यांचा, म्हणजे ३२ ठोक्यांत आठ.

आधीच्या ३२ ठोक्यांत लोक जागेवर मार्च करत असतात. त्यातल्या दुसऱ्या आठात नाव आणि उभं राहणं सांगा: ‘पुढे स्क्वॉट. पावलं खांद्याइतकी लांब, बोटं जराशी बाहेर.’ तिसऱ्या आठात तुम्ही एक संथ करून दाखवा, तोंड बंद ठेवून. डोळे आणि कान एकाच वेळी कामाला लावले की लोक एकालाच धरतात. चौथ्या आठात सगळ्यांना पावलं लावून उभं करा, आणि शेवटच्या चार ठोक्यांवर: ‘मागे – खुर्चीत – हळू – बसा’.

पहिले दोन स्क्वॉट: ‘खाली, खाली, वर, वर’. तिसरा आणि चौथा: गप्प. हे आठ ठोके बघण्यासाठी आहेत. नव्या प्रशिक्षकाला सगळ्यात अवघड जातं ते हेच. शांतता झाली की आपण काही देत नाही असं वाटतं आणि तो ‘मस्त, चला, येस, कमॉन’ने ती भरून काढतो. पाचवा: जी चूक जास्तीत जास्त लोकांत दिसली तिच्यावर एकच सूचना, बहुधा ‘गुडघे बाहेर’. सहावा: वर येताना ‘हुश्श’. सातवा: ‘शेवटचे दोन’. आठव्याच्या चार ठोक्यांत पुढची हालचाल.

‘गुडघा बोटांच्या पुढे गेलाच नाही पाहिजे’ ही सूचना सरसकट दिली जाते, ती सोडलेली बरी. गुडघा अडवून धरला की धड पुढे झुकतं आणि भार खुब्यावर आणि पाठीच्या खालच्या भागावर जातो. लांब मांडीच्या माणसाला तर तसं बसताच येत नाही. बघायचं ते गुडघ्याची दिशा. तो अंगठ्याशेजारच्या बोटाच्या रेषेत हवा आणि टाच जमिनीला टेकलेली हवी. टाच उचलत असेल तर ‘टाचेनं जमीन दाबा’ म्हणा.

‘मांडीचा स्नायू आवळा’पेक्षा ‘जमीन दाबा’ का? हालचाली कशा शिकल्या जातात याच्या अभ्यासक गॅब्रिएल वुल्फ आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये स्की-सिम्युलेटरवर (स्कीइंगसारखं डावी-उजवीकडे सरकायचं, चाकांवरचं यंत्र) केलेल्या प्रयोगात ज्यांना पायांवर लक्ष द्यायला सांगितलं त्यांच्यापेक्षा पायांखालच्या चाकांवर लक्ष देणारे चांगलं शिकले. शरीराच्या भागाऐवजी हालचाल जिथे पोहोचायची तिथे लक्ष लावलं की शरीर जुळवणी आपली आपण करतं. ओव्हरहेड प्रेसला (वजन डोक्यावर ढकलणं) ‘छत ढकला’, पुशअपला ‘कणीक मळताना देता तसा तळव्याचा जोर’, वजन घेऊन चालताना ‘दोन्ही हातांत भरलेल्या घागरी, पाणी हिंदकळता कामा नये’. प्लँकमध्ये ‘पोट आत घ्या’ म्हटलं की लोक पोट ओढून श्वास धरून ठेवतात. ‘खोकताना पोट घट्ट होतं तेवढं घट्ट’ म्हटलं की श्वास चालू राहतो. रक्तदाबाची गोळी चालू असलेल्यांना श्वास रोखण्याचा त्रास जास्त, कारण तेवढ्यात दाब चढतो.

उपमा एका व्यायामाला एकच. घागर, छत आणि खुर्ची एकाच आठात आली की ती सूचना राहत नाही, सामानाची यादी होते.

चूक दाखवायची कशी

आधी सगळ्यांना उद्देशून, कुणाकडेही न बघता. पुढच्या चार हालचालींत सुधारली नाही तर त्या व्यक्तीजवळ जाऊन, तिच्यासमोर तीच हालचाल बरोबर करून. तरीही नाही तर हळू आवाजात, माइक तोंडापासून दूर करून, नाव किंवा नातं आधी: ‘अक्का, खांदे खाली.’ हाक आधी, कारण ‘खांदे खाली, अक्का’मध्ये सूचना अक्कांच्या कानावर पडते तेव्हा त्यांचं लक्ष तिकडे नसतंच. मामा, अण्णा, वैनी, काकू, जे रोजच्या बोलण्यात आहे तेच वापरा. विशीतल्या पोरांनाही क्लासमध्ये ‘करा’च म्हणा. एकाच वाक्यात कुणाला ‘कर’ आणि कुणाला ‘करा’ हे ठोक्यात सांभाळता येत नाही. हात लावायचा असेल तर ‘हात लावू का?’ विचारून.

सोपा प्रकार आधी सांगा. जंपिंग जॅकमध्ये (उडी मारून हात-पाय फाकवणं आणि परत जुळवणं) आधी ‘एकेक पाय बाजूला टेकवा’ आणि सगळे करू लागल्यावर ‘हवं असेल त्यांनी उडी’. उलट केलं, म्हणजे तुम्ही आधी उड्या मारल्या आणि मग ‘गुडघे दुखतात त्यांनी मारू नका’ म्हणालात, तर गुडघे दुखणारेही मारतातच. माघार घेणं चारचौघांत कुणाला आवडत नाही. (शिवाय तिथेही तो ‘नका’ आहेच.)

तोंड कुणीकडे करायचं? क्लासकडे तोंड असेल तर ‘उजवा’ म्हणताना तुम्ही डावा पाय हलवायचा, म्हणजे त्यांना आरशासारखं दिसतं. घरी आठवडाभर सराव केल्याशिवाय हे जमत नाही. तोवर खुणेच्या जागा वापरा: ‘खिडकीकडे’, ‘दाराकडे’. वळणं असलेल्या हालचालींत पाठ करून उभं राहिलेलं चांगलं. हालचालींच्या एका जुळणीच्या मधेच तोंड फिरवू नका, डावा-उजवा दोन्हीकडून सुटतो.

आवाज, पत्रा आणि पाऊस

संगीत एवढंच हवं की माइकशिवाय तिसऱ्या रांगेला तुमचं बोलणं ओळखू यावं. मोबाइलवरच्या आवाज मोजणाऱ्या अॅपने क्लासच्या मधोमध उभं राहून बघा. आकडा ८५ डेसिबलच्या वर जात असेल तर संगीत उतरवा, आवाज चढवू नका. हेडसेटचा माइक ओठांच्या कोपऱ्याशी, दोन बोटं अंतरावर ठेवा. तोंडासमोर धरला की ‘फ’, ‘भ’, ‘प’ यांचा फुस्स आवाज स्पीकरमधून येतो. तुम्ही उडी मारत असताना सूचना देऊ नका, खाली पडताना वाक्य तुटतं. सांगताना मार्चवर या. खाकरून घसा साफ करण्याऐवजी पाण्याचा घोट घ्या.

जून ते सप्टेंबर, गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये क्लास असेल तर पाऊस कोसळताना माइकचाही उपयोग होत नाही. त्यासाठी हातखुणा आधीच ठरवून, उन्हाळ्यातच शिकवून ठेवा: डोक्यावर तळवा म्हणजे ‘पहिल्यापासून’, वर उचललेली चार बोटं म्हणजे चार उरले, मूठ म्हणजे ‘धरा’, दोन्ही हात छातीपुढे फुली म्हणजे ‘थांबा’. खूण आठपैकी पाचव्या ठोक्याला वर जायला हवी आणि आठपर्यंत दिसत राहायला हवी.

घरचा सराव

एका ३२ ठोक्यांच्या तुकड्याचा कागद करा: डावीकडे ठोके, मधे हालचाल, उजवीकडे नेमके शब्द. १२० वर मेट्रोनोम (एकसारखे ठोके देणारं साधन) लावून नुसतं बोला, हालचाल न करता. शब्द बसले की हालचाल जोडा. मग एक पूर्ण गाणं क्लासमध्ये फोनवर ध्वनिमुद्रित करा, व्हिडिओ नको. ऐकताना तीन गोष्टींच्या खुणा करा: ‘ओके’, ‘चला’, ‘मस्त’, ‘हं’ किती वेळा आलं, ‘नका’ किती वेळा आलं, आणि सूचना एकच्या ठोक्यानंतर किती वेळा संपली. मग तेच ध्वनिमुद्रण घरातल्या कुणाला तरी ऐकवा, ज्यांनी तुमचा क्लास कधी पाहिलेला नाही, आणि तुमच्याकडे पाठ करून उभं राहून त्यांना करायला सांगा. ते जिथे थबकून ‘म्हणजे काय?’ विचारतात, कागदावरची ती ओळ बदला.